उत्तर जुळले नाही

१

शुक्रवारी सकाळी थिओजेन चार खुंट्या आणि दोरी घेऊन काकूच्या कॉफीच्या पट्टीत उतरला. काकू झाडाखाली वाळकी पानं गोळा करत होती. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय रे, शेळी बांधतोयस?"

"नाही काकू. मापं घेतोय." थिओजेन जरा ओशाळला. "आज पाचला पट्टी माझ्या नावावर होते ना. तुम्ही हो म्हणालात म्हणून."

"कोण हो म्हणालं?"

"तुम्हीच. फोनवर. दहा दिवस झाले."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या मुकाबुतेरानं पानांची टोपली तिथंच ठेवली आणि डोंगर चढायला लागली. मध्यस्थांच्या खोलीपर्यंत ती कुठंही बसली नाही.

रवांडातल्या त्या डोंगरावर मध्यस्थांची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लांब बाक, एक संगणक आणि भिंतीवर काचेत लावलेलं एक प्रशस्तिपत्र. फोनवरून तंटे सोडवायची सोय सरकारनं आणली तेव्हा ती सर्वांत आधी याच डोंगरानं धरली होती. बांध, वाट, पाणी, वाटणी असे एक्केचाळीस तंटे इथं मिटले. कुणाला शहराची बस पकडावी लागली नाही, वकील करावा लागला नाही, आणि एकही निवाडा पुढे उलटला नाही. प्रशस्तिपत्रात तसं लिहिलंच होतं. स्पेसिओझ मुकान्कुसी ते रोज सकाळी आपल्या लुगड्याच्या टोकानं पुसत असत. पस्तीस वर्षं शाळा शिकवून झाल्यावर लोकांनी त्यांना मध्यस्थ म्हणून निवडून दिलं होतं. अर्धा डोंगर त्यांच्या छडीखालून गेलेला, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाईंना आपल्या खोलीचा अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

मुकाबुतेरा आत आली तेव्हा तिची नणंद मारिसियाना आधीच तिथं पोचलेली होती. दुधाचा कॅन दारात ठेवून ती तावातावानं बोलत होती.

"थिओजेनची बायको आत्ता सांगून गेली मला. माझ्या वहिनीचा अंगठा कुणीतरी चोरला बाई! त्या पोराला मीच न्हाऊमाखू घालून वाढवलाय. पण खोटं ते खोटं. सेबात्वारेच्या घरात असली चोरी कधी झाली नाही. मी सेबात्वारेची लेक आहे, मी हे खपवून घेणार नाही!"

मुकाबुतेरा बाकावर टेकणार होती. ती टेकली नाही. खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली आणि खाकरली.

"आजी, बसा," बाई म्हणाल्या. "फोनवर तुम्ही संमती दिलीत का?"

"नाही दिली. ती पट्टी माझ्या नवऱ्यानं आणि मी कुदळीनं काढलीय. बत्तीस झाडं आहेत तिथं. एकेक मी लावलंय. मी कशाला देईन?"

बाईंनी पडद्यावर तंट्याची पानं उघडली. थिओजेनचा दावा होता की खालची पट्टी त्याच्या बापाच्या वाटणीची. त्यानं प्रस्ताव टाकला होता की सगळी पट्टी आपल्याला मिळावी. बाई वाटाघाटी करत होत्या, पाण्याची वाट त्याला आणि झाडं काकूला अशी जवळजवळ जुळवतही आणली होती. आणि मग मंगळवारी, चार तारखेला, दहा वाजून पाच मिनिटांनी मुकाबुतेराच्याच फोनवरून थिओजेनच्या प्रस्तावाला संमती आली होती. दहा दिवसांनी ती जमिनीच्या दप्तरात कायमची चढणार, म्हणजे आज पाचला.

पद्धत सोपी होती. फोन लावायचा. फोनमधली मुलगी ओळखपत्राचा आकडा विचारते. मग एक खूणप्रश्न विचारते, त्याचं उत्तर तोंडी द्यायचं. उत्तर जुळलं की प्रस्ताव वाचून दाखवते, मान्य असेल तर एक आकडा दाबायचा. उत्तर तीनदा चुकलं, तर तिघा मध्यस्थांनी समोर उभं राहून माणूस ओळखायचा. विवाहित बायकांसाठी खूणप्रश्न एकच होता. सासऱ्याचं नाव काय?

बाईंनी जुन्या नोंदी खाली सरकवल्या. मार्चमध्ये मुकाबुतेराची पहिली नोंद: उत्तर जुळले नाही. उत्तर जुळले नाही. उत्तर जुळले नाही. जूनमध्ये पुन्हा तीनदा तेच. दोन्ही वेळा बाई इतर दोघा मध्यस्थांना घेऊन तिच्या अंगणात जाऊन आल्या होत्या. आणि चार तारखेला पहिल्याच फटक्यात: उत्तर जुळले.

त्या दिवशी बाईंनी टाळी वाजवली होती, ते त्यांना आठवलं. 'आजींना आठवलं बरं का!' असं त्या खोलीच्या छपरावर पत्रा ठोकत बसलेल्या थिओजेनला ओरडून म्हणाल्या होत्या. संमतीचं ऐकून थिओजेनच्या हातातला हातोडा खाली पडला होता.

तेवढ्यात आसपासचे सगळे डोंगर ज्यात येतात त्या सेक्टरच्या कार्यकारी सचिवांचा, फॉस्टिनसाहेबांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तासही लागला नव्हता.

"बाई, नुसतं मन बदललं म्हणून संमती मागे घेता येत नाही, तुम्हाला नियम माहीत आहे. ती तिची नव्हतीच, असं कारणांसकट लिहावं लागेल. आणि खरं सांगू? जिला सहा-सहा वेळा सासऱ्याचं नाव आठवत नाही, ती आपण दिलेली संमती काय लक्षात ठेवणार? म्हातारी विसरली. एक्केचाळीस तंट्यांवर कशाला पाणी फिरवता?"

फोन मोठ्या आवाजात होता. खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. मुकाबुतेरा खिडकीतून वळली.

"मी काहीही विसरत नाही," ती म्हणाली. "पट्टी गेली तर जाईल. पण मला वेडी ठरवून नेऊ नका."

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजले होते.

२

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. संमती मुकाबुतेराच्या फोनवरून गेली. मग त्या मंगळवारी सकाळी फोन होता कुठं?

मुकाबुतेराची सून बेआता अंगणात बटाटे सोलत होती. नवरा किगालीत गवंडी, महिन्यातून एकदा येणारा. बाईंना पाहून तिनं लगबगीनं आल्याचा दूध-चहा समोर ठेवला आणि स्वतःहूनच म्हणाली, "मला माहितीये, सगळे माझंच नाव घेताहेत. सुनेवर संशय घ्यायला काही लागत नाही."

"मी अजून कुणाचंच नाव घेतलेलं नाही. त्या मंगळवारचं सांग."

"आई डोळे दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या, पहाटेच. आमची छपरावरची वीज बिघडलीय, म्हणून फोन सेवा केंद्रात चार्ज करायला पाठवतो. त्या दिवशी तो पार मेला होता, बटण दाबलं तरी उजेड नाही. मी तो पिशवीत घालून आठच्या सुमारास आत्यांकडे दिला. त्या रोज दूध घेऊन केंद्रावरूनच जातात."

"आत्या म्हणजे मारिसियाना."

"हो. दुपारी त्यांनीच परत आणून दिला."

"पिशवीत आणखी काय असतं?"

"आईंचं ओळखपत्र. त्या दोन्ही एकत्रच ठेवतात."

बाईंनी कपाळाला हात लावला. सहावीतल्या पोरांना त्या हेच तर सांगत आल्या होत्या, किल्ली कुलुपाला बांधून ठेवू नका म्हणून.

"बरं बेआता, तुझ्या सासूच्या सासऱ्याचं नाव काय गं?"

बेआताचा चेहरा पडला. "वरचे बाबा."

"नाव विचारतेय मी."

"आम्ही वरचे बाबाच म्हणतो. मी येण्याच्या कितीतरी आधी गेले ते. या घरात त्यांना कुणी नावानं बोलवतच नाही."

"बारा वर्षं झाली लग्नाला, आणि ज्याच्या जमिनीचं खाता त्याचं नाव माहीत नाही?" बाईंनी फटकारलं. रवांडात प्रत्येकाचं नाव वेगळं, बापाचं नाव पोराच्या मागे लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्यांना रागच आला. "काय शिकवलं मी तुम्हाला!"

"तुम्ही नद्या आणि राजे शिकवलेत, बाई," बेआता हळूच म्हणाली. "वरचे बाबा नव्हते त्यात."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते चहात बुडवलं. निघताना त्यांची नजर शेजारच्या घरावर गेली. ते मारिसियानाचं. तिच्या छपरावर नवीकोरी सौर तबकडी उन्हात चकाकत होती.

जिच्या घरी अशी वीज आहे, ती दुसऱ्याचा फोन चार्ज करायला केंद्रापर्यंत का नेते? बाई दोन पावलं थांबल्या, मग स्वतःलाच म्हणाल्या, दूध घेऊन वाटेवरूनच तर जाते. आणि चालू लागल्या.

३

सेवा केंद्र चालवणारी क्लारिस किवू सरोवराकडची. या डोंगरावर येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. दाखले काढणं, अर्ज भरणं, फोन चार्ज करून देणं ही सगळी कामं ती एकटी करी. तिच्या फळीवर वीस-पंचवीस फोन वायरींना लटकत, प्रत्येकाला कागदाचा नंबर चिकटवलेला.

बाई पोचल्या तेव्हा केंद्रापुढे घोळका जमला होता. मधोमध मारिसियाना.

"सांग ना आता! आठ-सव्वाआठला मी फोन तुझ्या हातात दिला. दहाला संमती गेली. मधल्या वेळात फोन कुणाकडे होता? ओळखपत्रही पिशवीत. किती मिळाले गं तुला?"

क्लारिसचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "तुम्ही साडेअकराला आलात, आत्या. माझ्या वहीत आहे. नंबर सत्तावीस."

"तू वायर लावतेस तेव्हा लिहितेस. आधी ढिगात पडून असतात फोन. सगळ्यांना ठाऊक आहे."

घोळक्यात दोघीतिघींनी माना डोलावल्या. मारिसियाना डोंगराची लेक, तिचं दूध घराघरात जातं. क्लारिस परकी. कौल कुणीकडे जाणार ते दिसतच होतं.

बाईंनी वही हातात घेतली. स्वच्छ ओळी, सारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही. वही तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. अक्षर नीट म्हणजे माणूस खरा, असं काही नसतं, हेही त्यांना माहीत होतं.

"आत ये पोरी," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. "त्या फोनचं काही वेगळं आठवतं?"

क्लारिसनं डोळे पुसले. "आठवतं. वायर लावली आणि लगेच हिरवा दिवा लागला. फोन आधीच भरलेला होता. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. तरी ठेवला तासभर. पैसे नाही घेतले त्याचे."

"भरलेला? नक्की?"

"पूर्ण. पण हे कोण मानणार? आत्या म्हणतील, मीच भरला सकाळी."

तेच तर होतं. आठला फोन मेलेला. साडेअकराला भरलेला. मधे तो कुणीतरी भरला, आणि ज्यानं भरला त्यानंच तो वापरला. क्लारिसचं खरं मानलं तर मारिसियाना, मारिसियानाचं खरं मानलं तर क्लारिस. एकीच्या शब्दापुढे दुसरीचा शब्द, बाकी पुरावा शून्य.

"खूणप्रश्नाचं उत्तर तुला पडद्यावर दिसतं?"

"नाही बाई. नुसते ठिपके. तुम्हालासुद्धा नाही दिसत ना?"

नाहीच दिसत. बोललेलं उत्तर जुळवून झालं की आवाजही पुसला जातो. सरकारनं ते मुद्दाम तसं केलं होतं आणि बाईंनी गावोगावच्या सभांत त्याचं भरभरून कौतुक केलं होतं. मध्यस्थालाही न दिसणारं गुपित! आज त्यांना वाटलं, जरा कमी कौतुक केलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर पडताच पुन्हा फॉस्टिनसाहेब. "बाई, त्या केंद्रवालीवर तक्रार लिहा आणि मोकळ्या व्हा. पोलीस बघतील. करार मात्र राहू द्या, उत्तर जुळलेलं आहे."

"मी अजून ठरवलं नाही, साहेब."

"मग कधी? दोन वाजले."

बाईंनी फोन ठेवला. चूक खोलीचीच निघणार होती, आणि खोली त्यांची होती. गप्प बसलं की प्रशस्तिपत्र भिंतीवर राहणार. पण रोज सकाळी ते पुसायचं कुठल्या हातानं? त्या पुन्हा खालच्या पट्टीकडे उतरू लागल्या.

४

मुकाबुतेरा कॉफीच्या झाडांत बसली होती, टोपली मांडीशी.

"आजी, मला तुमची परीक्षा घ्यायचीय," बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसत म्हणाल्या. "राग मानू नका. मला वरच्यांना लिहून द्यायचंय की तुमचं डोकं शाबूत आहे."

"घ्या. शाळेत कधी गेले नाही, आज तरी बसते."

"हे झाड कधीचं?"

"थोरला रांगायला लागला तेव्हाचं. ते पलीकडचं दुष्काळाच्या वर्षाचं. ते वाकडं आहे ना, ते यांनी लावलं, म्हणून वाकडं." ती हसली. "यांना सरळ काही लावता येत नसे."

बाईंनी शेजाऱ्यांची नावं विचारली, लेकरांचे जन्म विचारले, माहेरच्या सात बहिणींची लग्नं विचारली. म्हातारी धडाधड सांगत गेली. बहिणीच्या लग्नातल्या बैलाचा रंगही सांगितला. असा विद्यार्थी बाईंना पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता.

"मग आजी, सासऱ्यांचं नाव तेवढं का हो आठवत नाही?"

मुकाबुतेरा ताठ झाली. "आठवत नाही असं कोण म्हणालं?"

"फोन म्हणाला. सहा वेळा."

"फोनला काय कळतंय. मी दर वेळी बरोबर सांगितलं. ज्यांनी मला या घरात आणलं, ते. त्या मुलीला ते पुरत नाही, त्याला मी काय करू?"

"पण नाव..."

"बाई!" म्हातारीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंना क्षणभर आपणच पहिलीत बसल्यासारखं वाटलं. "सून ना मी त्या घरची? सून सासऱ्याचं नाव जिभेवर घेते? आमच्या वेळी ही गुत्सिंदाची रीत पाळायच्या सगळ्या. चोपन्न वर्षांत ते नाव माझ्या तोंडून गेलं नाही. घरात दुसऱ्या कुणालाही मी घेऊ दिलं नाही. भाजीच्या नावात त्यांच्या नावासारखं काही आलं, तर ती भाजी मी बोट दाखवून मागते. आज सकाळी वन्सं तुमच्या खोलीत बोलून गेल्या. त्या लेक आहेत, त्यांना चालतं. मला उठून खिडकीशी जावं लागलं."

बाईंना आपली आई आठवली. आईसुद्धा वडिलांच्या वडिलांना 'थोरले' म्हणायची. बाईंना हे सगळं ठाऊक होतं आणि तरीही सुचलं नव्हतं. कारण बाईंनी लग्नच केलं नव्हतं. त्यांना सासरा नव्हता, त्यामुळे न घ्यायचं नावही नव्हतं. आणि किगालीतल्या काचेच्या इमारतीत बसून ज्या हुशार पोरांनी तो प्रश्न लिहिला, त्यांनी विचार केला असेल, खेड्यातल्या म्हातारीला दुसरं काही नाही तरी सासऱ्याचं नाव नक्की माहीत असणार. माहीत होतंच की. त्यांचं तेवढं बरोबर होतं.

बाईंना एकदम लाज वाटली आणि त्याच वेळी त्या म्हातारीचा अभिमानही वाटला.

मग त्यांच्या डोक्यात चाक फिरलं. सगळे म्हणत होते, उत्तर जुळलं म्हणजे संमती हिनंच दिली.

बाई ताडकन उठल्या. "आजी, सगळ्यांना वर घेऊन या. वन्संनाही. चार वाजता."

५

चार वाजता खोलीपुढच्या अंगणात निम्मा डोंगर जमला. इतर दोघे मध्यस्थ बाकावर, फॉस्टिनसाहेब मोटरसायकलवरून घाम पुसत आलेले. थिओजेन खुंट्या काखेत धरून कडेला. क्लारिस एकटीच, तिच्या आजूबाजूला मोकळी जागा.

"पाच मिनिटं लागतील," बाई वर्गासमोर उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. "चार तारखेला दहा वाजून पाच मिनिटांनी या फोनवर कुणीतरी सासऱ्याचं नाव पहिल्या फटक्यात घेतलं. आपण समजलो, मुकाबुतेराआजींना अखेर आठवलं. मीही समजले. मी टाळी वाजवली. मूर्ख होते."

कुणी हसलं नाही. बाईंनी स्वतःला मूर्ख म्हटलेलं या डोंगरानं कधी ऐकलं नव्हतं.

"आजींना ते नाव पहिल्या दिवसापासून पाठ आहे. पण त्या ते घेत नाहीत. चोपन्न वर्षांत घेतलं नाही. फोनपुढेही नाही, सरकारपुढेही नाही, पट्टी जायची वेळ आली तरी नाही. म्हणून सहा वेळा उत्तर जुळलं नाही. आता सांगा, सातव्या वेळी जुळलं, ते कुणामुळे? जुळलं, हाच पुरावा की फोनवर त्या नव्हत्या!"

म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून एक मोठा सुस्कारा निघाला. "खरंच की गं," एकजण म्हणाली. "मलाही तो फोन असाच हाकलून देतो."

"त्या सकाळी फोन तिघींच्याच हाती लागला," बाई पुढे म्हणाल्या. "बेआता. आज मी विचारलं तेव्हाही तिला ते नाव माहीत नव्हतं. सासूनं घरात कुणाला घेऊच दिलं नाही. क्लारिस. ती सरोवराकडची, म्हातारबांना जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, आणि पडद्यावर तिला नुसते ठिपके दिसतात. मलासुद्धा ते नाव आज सकाळी पहिल्यांदा कळलं. माझ्या खोलीत एकीनं ते दोनदा घेतलं, मोठ्या अभिमानानं."

माना एकेक करून वळल्या.

"आणि जिच्या छपरावर नवी तबकडी आहे, तिला मेलेला फोन घरीच भरता येतो. भरून, वापरून, मग साडेअकराला केंद्रात नेऊन ठेवता येतो. क्लारिसची वही खरी आहे."

मारिसियाना हलली नाही. सकाळचा आवाज कुठल्या कुठं गेला होता, मान मात्र तशीच वर.

"माझ्या बापाचं नाव आहे ते," ती म्हणाली. "मी नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं? भावांनी आपसांत वाटून घेतली जमीन. मला विचारलंही नाही. मग कायदा आला, लेकींनाही हक्क म्हणे. तोवर वाटून झालेलं होतं. थिओजेन माझ्या मांडीवर वाढला. मला वाटलं, त्याला मिळाली म्हणजे एक तुकडा तरी माझ्या हाताला लागला."

"आत्या," थिओजेनचा आवाज फुटला, "मला अशी नको होती."

"मारिसियाना," बाई हळू बोलल्या, "तुझ्या स्वतःच्या नावानं तक्रार का नाही केलीस? कायदा तुझा, फोन तुझा. मी ऐकली असती."

"वहिनीवर तक्रार? मी मागायला येऊ, बाई? सेबात्वारेची लेक?" तिनं डोळे पुसले. "चोरी कुणी बघत नाही. मागताना सगळे बघतात."

फॉस्टिनसाहेब पुढे झाले. "बाई, मग हे वर कळवावं लागणार. एक्केचाळीसपैकी एक उलटला असं."

"उलटला नाही, साहेब. आपणच उलटवला. दहाव्या दिवशी, दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी. तसं लिहीन आणि खाली सही करीन. मारिसियानाचंही लिहीन, त्याचं काय करायचं ते तुम्ही आणि पोलीस बघा. आणि तो प्रश्न बदलायला सांगीन. या देशात किती म्हाताऱ्यांना फोननं विसराळू ठरवलं असेल, देव जाणे." त्या वळल्या. "आजी, कारणं मी लिहिलीत. ती संमती रद्द करायला आता तुम्हाला फोन लावावा लागेल. साडेचार झालेत."

मुकाबुतेरानं फोन लावला, आवाज मोठा केला. फोनमधल्या मुलीनं आकडा विचारला, मग गोड आवाजात प्रश्न. "तुमच्या सासऱ्याचं नाव काय?"

दोन पावलांवर मारिसियाना उभी होती. ते नाव तिच्या ओठांवर होतं, सगळ्यांना दिसत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

मुकाबुतेरानं पदर सारखा केला. "ज्यांनी मला या घरात आणलं, ते."

"उत्तर जुळले नाही. पुन्हा प्रयत्न करा."

"ज्यांनी मला पहिली कुदळ हातात दिली, ते."

"उत्तर जुळले नाही. हा तुमचा शेवटचा प्रयत्न आहे."

आता अंगणातल्या म्हाताऱ्या बायका एकेक करून उठल्या होत्या. मुकाबुतेरा ताठ उभी राहिली. आवाज पार खालच्या पट्टीपर्यंत जावा इतका स्वच्छ.

"ज्यांचं नाव मी राखलंय, ते."

"उत्तर जुळले नाही. कृपया मध्यस्थांशी संपर्क साधा."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. संगणकावर मध्यस्थांची चौकट उघडली होती. दोघा मध्यस्थांनी पुढे येऊन आपापली नावं टाकली. बाईंनी पडद्यावरून नजर उचलली. समोर म्हातारी, हातात फोन, मान उंच. शेजारी तिची नणंद, रडणारी.

"वन्सं," मुकाबुतेरा तिच्याकडे न बघता म्हणाली, "उद्या दूध आणायचं चुकवू नका. बेआताची पोरं वाट बघतात. आणि तुमचं जे मागणं आहे ना, ते माझ्या तोंडावर मागा."

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी बाईंनी नोंद पूर्ण केली. पडद्यावर यंत्राच्या तीन ओळी एकाखाली एक उभ्या होत्या: उत्तर जुळले नाही, उत्तर जुळले नाही, उत्तर जुळले नाही.

त्यांच्याखाली शेऱ्याच्या जागी बाईंनी लिहिलं, 'ओळख पटली.'